व्यायाम हरला, असं सांगा

"हिच्या आजीने डोक्यावरून मीठ वाहिलं. गुडघ्यांचा अभ्यास हिच्या घराण्यातच आहे!"

सरांनी माझी ओळख अशी करून दिली. माणिकपूरच्या एका हॉटेलचा हॉल. समोर डॉक्टर आणि इंजेक्शनच्या कंपनीची माणसं. सगळे हसले. एकाने टाळीही दिली. मी फिजिओथेरपिस्ट. माझ्या डिग्रीचा उल्लेख झाला नाही. त्यात विनोद नव्हता.

सरांच्या हॉस्पिटलात तुलना केली होती: गुडघेदुखीला इंजेक्शन बरं की व्यायाम? खर्च इंजेक्शनच्या कंपनीचा. सर तिचेच सल्लागार. निःपक्षपातीपणा मात्र पहिल्याच स्लाइडवर, ठळक अक्षरांत.

व्यायामाच्या गटाला दर आठवड्याला बोलावून शिकवायचं ठरलं होतं. सर म्हणाले, "एकदा दाखव. पुढचं घरी करतील." इंजेक्शनच्या गटाला मात्र फोन, रिक्षा, चहा, विचारपूस. माझ्या व्यायामाच्या खोलीत इंजेक्शनं ठेवायला कंपनीचा फ्रिज आला. मी विचारलं, तर म्हणाले, "तू गुडघे बघ, संशोधन मी बघतो."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आमच्या गावची काशीमावशी रिक्षा स्टँडवर दिसली. तीही व्यायामाच्या गटातली. भिंत धरून चालत होती.

"मावशे, व्यायाम करतेस ना?"

"केला गो. दुखाया लागला, मग सोडला. तू परत बोलावलाच नाय. मना वाटला, माझ्याच हाडांत जोर नाय."

वर माझीच समजूत काढली. "तुझा काय दोष, पोरी."

आणि आता पडद्यावर निष्कर्ष होता: व्यायाम निष्प्रभ. सरांनी माइक माझ्या हातात दिला. "किती मनापासून शिकवलंस, ते सांग."

"शिकवलंच नाही," मी म्हणाले. "शिकवू दिलं नाही. जो मैदानात उतरलाच नाही, तो हरला कसा?"

सरांनी माइक ओढून घेतला. "मिठागरातून थेट माइकवर आली. घाबरलीय बिचारी!"

पुन्हा हशा. मी खाली उतरले नाही. हसणं संपेपर्यंत तिथेच उभी राहिले. बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. असल्या संशोधनावर लक्ष ठेवायला हॉस्पिटलची एथिक्स कमिटी असते. तिचे अध्यक्ष सरांचे मेहुणे. सगळे सांगतात, काही होणार नाही. मलाही तसंच वाटतं. तरी मी तक्रार घेऊन जाणार. माझ्या तोंडावर दार लावायचं असेल, तर त्यांनी ते स्वतःच्या हाताने लावावं. माझ्याकडे बघून.