शाळेमागची भट्टी

हसणार नाही असं वचन देत असाल तर सांगतो. बरं जाऊ द्या, हसाच. फक्त चहाचा कप आधी खाली ठेवा. गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. अशा जिल्ह्यात भर दुपारी, शाळेच्या मागे, दहावीच्या पोरींना घेऊन भट्टी लावणारा मास्तर कधी पाहिलाय का? हा बघा, तुमच्यासमोर बसलाय!

मी मूळचा बल्लारपूरचा. राहतो वडशाला आणि शिकवतो तिथून बरंच आत, जंगलाला लागून असलेल्या एका गावात. विज्ञान शिकवतो, असं म्हणायचं. आमची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. कपाटात एक थर्मामीटर, टवका उडालेलं चंचुपात्र आणि पालींचं एक सुखी कुटुंब. बाकी सगळं विज्ञान फळ्यावर, खडूनं काढलेलं.

दहावीत पौर्णिमा नावाची एक मुलगी होती. डोक्यानं तल्लख. तिची मोठी बहीण वडशाला सायन्सला गेली होती. पहिल्याच प्रॅक्टिकलला परीक्षानळी कशी धरायची ते तिला कळेना, सोबतची मुलं हसली, आणि ती पोरगी घरी आली ती पुन्हा गेलीच नाही. मला त्याचं फार वाईट वाटायचं. चूक तिची नव्हती हो, माझ्या कपाटाची होती. आणि आता पौर्णिमालाही सायन्सच घ्यायचं होतं.

म्हणून पंचायतीची रिकामी खोली मी प्रयोगशाळेसाठी मागितली. पण गावच्या नाटक मंडळालाही तीच हवी होती, पडदे ठेवायला. झाडीपट्टीत, आमच्या या नाटकवेड्या भागात, नाटकाशी टक्कर घ्यायची म्हणजे काय, तुम्हीच विचार करा! निकाल दोन दिवसांनी होणाऱ्या ग्रामसभेत लागणार होता, आणि गावात शब्द चालायचा सुशीलाबाईंचा. त्या गावच्या दारूबंदी समितीच्या अध्यक्ष. त्या रस्त्यानं निघाल्या की गावातले कोंबडेसुद्धा सरळ चालतात.

त्या म्हणाल्या, "सर, त्या खोलीत पोट्ट्या का करतीन, ते मले आधी दाखवा. मंग बोलीन."

मी म्हटलं, दाखवतोच! ऊर्ध्वपातन दाखवतो. गढूळ पाणी तापवायचं, वाफ नळीतून न्यायची, थंड करायची, की दुसऱ्या टोकाला स्वच्छ पाणी! बघणारा खूश झालाच पाहिजे. पण सामान कुठून आणायचं?

आणि काय माझं नशीब! दुसऱ्या दिवशी सकाळी पंचायतीच्या मागून गाडी नेत होतो, तर भिंतीशी एक ढीग पडलेला. जर्मनचा मोठा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं हो, त्याच्यावर बसणारं मडकं, रबरी नळी. जणू कुणी पुस्तकातली आकृती बघून जमवून ठेवलं होतं! वाटलं, भंगार असेल. घेतलं गाडीवर बांधून, शाळेच्या हापशीवर एकदा खळखळून धुतलं.

धुतल्यावरही मोहाचा वास येत होता हो. पण मला वाटलं, आपल्याकडे कशाला येत नाही?

दुपारी बेहड्याच्या झाडाखाली तीन दगडांची चूल मांडली. पोरींनी सांध्यांना ओली माती लिंपली. धूर निघाला, नळीतून थेंब पडायला लागले. पोरी टाळ्या वाजवत होत्या, आणि मी मिशीतल्या मिशीत हसत होतो.

तेवढ्यात सुशीलाबाई आल्या. एकट्या नाही, मागे समितीच्या सगळ्या बाया, हातात काठ्या. धूर पाहूनच निघाल्या होत्या.

"का जी सर, हे का करून राह्यले?"

"ऊर्ध्वपातन!" मी छाती काढून सांगितलं.

"आमी बी त्यालेच भट्टी म्हनतो," एक बाई म्हणाली.

सुशीलाबाईंनी गंजाला हात लावला आणि त्यांचा आवाजच बदलला. "हा गंज कुठी भेटला तुमाले?"

"पंचायतीच्या मागं. भंगारात."

"भंगार? आवो, परवा आमी पकडलेला माल होय तो! पोलीस येनार हायेत पंचनाम्याले. सकाळपासून गावभर धुंडून राह्यलो आमी!"

म्हणजे बघा, पुरावा मी पळवला, आणि पळवून त्याचीच भट्टी लावली!

"बाई, हे नुसतं पाणी आहे," मी म्हटलं. "हे बघा, पिऊन दाखवतो."

"सर!" पौर्णिमा मागून ओरडली. "तुमीच सांगता ना, प्रयोगात काईच चाखाचं नाई!"

पण ऐकतो कोण? घोट घेतला आणि कळलं, की मडक्यातला मोहाचा सगळा वास वाफेबरोबर नळीत उतरलाय.

सुशीलाबाई जवळ आल्या. "सर, हा करा."

"अहो बाई..."

"हा करा."

केला. तोंडाच्या वासानं सगळ्या बाया दोन पावलं मागं सरल्या. माझ्या डोळ्यांसमोर त्या खोलीत नाटकाचे पडदे लटकायला लागले.

तेव्हा पौर्णिमा पुढं आली. घाबरली होती, पण बोलली. "काकू, वासावरून कसं ठरवता? दारू पेटते, पानी नाई पेटत. काडी लावून पाहू. पन तुलनेले खरी दारू पायजे. तुलना केल्याबिगर निष्कर्ष काढाचा नाई, असं सर म्हनते."

दारूबंदीच्या गावात, शाळेच्या आवारात, माझी विद्यार्थिनी दारू मागत होती. आणि वर माझंच नाव सांगून!

 सुशीलाबाईंनी पिशवीतून जप्त केलेली बाटली काढली; पोलिसांना द्यायला ती त्या जवळच ठेवायच्या. एका झाकणात दारू, दुसऱ्यात आमचं पाणी. पौर्णिमानं काडी ओढली. दारूवर निळी ज्योत उठली. पाण्यात काडी चर्र करून विझली.

"पाहा काकू," ती म्हणाली. "वास मडक्याचा होय. सर साधे हायेत."

'साधे' याचा अर्थ तिथल्या सगळ्यांना बरोबर कळला.

"फळ्यावरची चित्रं पाहून पाहून इतकं शिकली का व पोरी तू?" सुशीलाबाईंनी विचारलं. पौर्णिमानं मान डोलावली. बाईंनी डोळ्याला पदर लावला. धूर होता, असं त्या आजही म्हणतात.

खोली मिळाली. नाटक मंडळानंच ती रंगवून दिली. पौर्णिमा आता वडशाला सायन्सला आहे आणि परीक्षानळी कशी धरायची ते दुसऱ्यांना दाखवते. मला त्याचा एवढा आनंद आहे, की बाकीची फजिती मी हसत सोसतो.

बाकीची म्हणजे काय? खोलीची किल्ली सुशीलाबाईंकडे असते. प्रॅक्टिकल संपलं की त्या कुलूप लावायला येतात, पोरींना लाडानं घरी पाठवतात, आणि मग दारात मला अडवतात.

"सर, हा करा."