लोव्रे श्कार्पा गप्प बसला तो रविवार

लोव्रे श्कार्पाला गप्प बसता येत नाही, हे त्याच्याबरोबर खेळलेला कुणीही सांगेल. शिबेनिकच्या किनाऱ्यावरचा माणूस तो. तिकडे वारा असा की नवराबायकोनेही ओरडूनच बोलायचं. अकरा वर्षं तो निरनिराळ्या क्लबांत बचावफळीच्या मधोमध उभा राहिला आणि अकरा वर्षं ओरडला. एकदा तर त्याने आपल्याच गोलरक्षकाची अशी खरडपट्टी काढली, की पंच धावत आले आणि म्हणाले, "तुम्ही दोघं एकाच संघात आहात ना? मला वहीत लिहायचंय."

मग गुडघा गेला. लोव्रेने झाग्रेबला जाऊन प्रशिक्षकाचा दाखला काढला. एका क्लबाने त्याला घेतलं आणि सहा महिन्यांत नारळ दिला. दुसऱ्याने चार महिन्यांतच दिला. तिसरा क्लब आमच्या स्लावोनियातल्या क्लादेनोवाचचा, द्रावा नदीकाठचा. मैदानाच्या तीन बाजूंना मका आणि चौथ्या बाजूला अध्यक्षांची गिरणी. अध्यक्षांचं नाव तुना, पण गावात लहानथोर सगळे मानाने तुनाबाचच म्हणतात.

नोव्हेंबर सरत आला तेव्हा संघ तळापासून दुसरा होता. तुनाबाचने लोव्रेला गिरणीत बोलावलं. अंगावरचं पीठ झटकत तो म्हणाला, "हे बघ, माणूस म्हणून तू मला आवडतोस. पण हा रविवारही हरलास, तर सोमवारची बस तुझी."

तिकडे शिबेनिकला मेहुण्याच्या होड्या दुरुस्तीच्या शेडमध्ये एक जागा राखून ठेवली होती. लोव्रेची बायको तोंका रोज फोनवर विचारायची, "दादाला काय सांगू? तो रंगाचा ब्रश घेऊन बसलाय."

लोव्रेला झोंबत होतं ते वेगळंच. त्याचे चार बचावपटू एकेकटे चांगले होते. पण समोरच्याला ऑफसाइडच्या सापळ्यात धरायचं, तर चौघांनी एका दमात पुढे सरकायला हवं. इथे एक आधी सरके, दुसरा नंतर, तिसरा कोचकडे बघत बसे. लोव्रे रेषेवरून घसा फुटेस्तोवर ओरडे, तरी दर सामन्यात दोन गोल त्याच भगदाडातून जात. असं का, हे त्याला काही केल्या उमगेना.

शनिवारी सकाळी सरावाला एकही जण आला नाही.

मैदानावर चुन्याच्या रेघा मारणारा म्हातारा म्हणाला, "आज कोण येणार? इवेशाकडे डुक्कर कापतायत ना."

"उद्या सामना आहे."

"सामना दर रविवारी असतो. डुक्कर वर्षातून एकदा."

लोव्रे तणतणत इवेशाच्या अंगणात गेला. अख्खा संघ तिथे होता. कुणी मोठ्या कढईखाली लाकडं सारत होता, कुणी लसूण सोलत होता, आणि गोलरक्षक इवेशाच्या आजीची बोलणी खात आतडी धूत होता. "एवढ्या हळू हातांनी चेंडू धरतोस होय रे? तरीच."

लोव्रे तोंड उघडणार, तेवढ्यात त्याची नजर लाकडी डोणीकडे गेली. डोणीत केस सुटावेत म्हणून कढत पाणी, त्यात आधीच मारलेलं डुक्कर आणि त्याच्याखालून घातलेल्या दोन साखळ्या. साखळ्यांची चार टोकं चौघांच्या हातात. इकडच्या दोघांनी ओढायचं, तिकडच्यांनी सैल सोडायचं, मग उलट. एकाचाही हात चुकला तर डुक्कर अडकतं आणि कातडी एकीकडे शिजून जाते. चौघं म्हणजे त्याचेच बचावपटू. आणि डुक्कर लाटण्यासारखं गरगर फिरत होतं.

डोणीच्या डोक्याशी पावो उभा होता, धान्याच्या कोठारात कामाला असलेला, चौतिशीतला राखीव खेळाडू. महिन्यातून दहा मिनिटं मैदानात उतरला तर उतरला. हात खिशात, आवाज शेजाऱ्याशी बोलावा तेवढा. "थांब. थांब. आता." साखळ्यांची चारी टोकं एकदम हलली.

लोव्रेने त्याला बाजूला घेतलं. "हे असं मैदानावर का नाही बोलत रे कधी?"

पावोने थोडा विचार केला. "तिथं तुम्ही बोलता ना, कोच."

"मग काय झालं?"

"एका डोणीला दोन सांगणारे नसतात. माणसाचा हात भाजतो."

इवेशाच्या आजीने लोव्रेच्या हातात लसणाची पाटी दिली. त्या दिवशी तो संध्याकाळपर्यंत तिथेच होता.

रविवारी संघाच्या यादीत पावोचं नाव बघून तुनाबाच कुंपणाशी आला. "पावो? अरे, त्याला पळवायचं तर मागे कुत्रा सोडावा लागेल."

"पळू नकोच म्हणून सांगितलंय."

"आणि तू काय करणार?"

"गप्प बसणार."

तुनाबाचने त्याच्याकडे दयेने बघितलं.

नव्वद मिनिटं म्हणजे काय असतं, ते लोव्रेला त्या दिवशी कळलं. पहिल्या दहा मिनिटांतच पाहुण्यांचा आघाडीवीर मोकळा सुटला. लोव्रे ताडकन उठला, आणि पावोने मान वळवून नुसतं बघितलं. लोव्रे बसला. त्याने मफलरचं टोक दातात धरलं. कुंपणापलीकडून कुणी विचारलं, "कोचला दाढदुखी झालीय का?" चेंडू खांबाला लागून बाहेर गेला होता.

त्यानंतर चौघं पावोचा बारका आवाज ऐकू लागले. "थांब. थांब. आता." रेषेवरच्या पंचाचं निशाण वर, पाहुणे हात पसरून वाद घालतायत. असं अकरा वेळा झालं. सामना शून्य-शून्य सुटला. जिंकलं कुणीच नव्हतं, पण हरलंही नव्हतं.

तुनाबाच चिखल तुडवत आला. "तुझ्या खोलीत शेगडी आहे ना? उद्या लाकडाची ट्रॉली पाठवतो. ओकची आहेत, मार्चपर्यंत पुरतील. रचून नीट ठेव, भिजवू नकोस."

फोनवर तोंकाने विचारलं, "मग? हरलात?"

"नाही. अध्यक्ष मार्चपर्यंतची लाकडं पाठवतोय."

तोंका म्हणाली, "बरं. दादाला सांगते, दुसरा माणूस बघ म्हणून. आणि तुझा आवाज आज बरा कसा?"