पालकाची स्वाक्षरी आवश्यक

"माताजी, ये समाजकार्य है, तीर्थयात्रा नहीं. इस उमर में हिजड़ों की मौसी बनने का शौक था तो घर बैठे बन जातीं."

विभागप्रमुख हे बोलले तेव्हा माझ्या वर्गातले अकरा विद्यार्थी क्षेत्रकार्याच्या वह्यांवर सही घेण्यासाठी त्यांच्या खोलीत रांगेने उभे होते. मीही उभी होते. माझे वय त्रेसष्ट. दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. तिसरीवर झाशीजवळच्या चिरगाँवहून आलेले एक गृहस्थ बसले होते, त्यांच्यापुढे चहा होता. मागे कोणीतरी हसले. मग सगळेच हसले. माझी वही टेबलावरून अशी ढकलली गेली की ती माझ्या पायांशी पडली. मी वाकले. गुडघ्यावर हात ठेवून उठले.

ते गृहस्थ क्षेत्रकार्यात मला भेटलेल्या रोशनीचे वडील. त्यांना तिचा पत्ता हवा होता. तो मला ठाऊक होता. आणि हा प्रसंग मीच ओढवून आणला होता.

चौतीस वर्षे मी झाशीच्या एका कन्याशाळेत संस्कृत शिकवले. वडिलांनी लहानपणी जे पाठ करून घेतले त्यावर आयुष्य काढले. निवृत्तीनंतर समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात नाव घातले, कारण देवाची सेवा देवघराच्या उंबऱ्याशी संपू नये असे वाटत होते. क्षेत्रकार्यासाठी नेमणुका झाल्या. सीपरी बाजारात एका शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एलजीबीटीक्यू मुलामुलींसाठी केंद्र आहे. तिथे जायला वर्गातला कोणी तयार होईना. मला पाठवले. मी आज्ञा शिरसावंद्य मानली.

मुलांचे अर्ज लिहून देणे, त्यांच्यासोबत इस्पितळात जाणे, ती बोलतील ते ऐकणे, हे माझे काम. पहिल्या आठवड्यात मी घरी परतून स्नान करीत असे. हे लिहिताना लाज वाटते. तरी लिहिते.

रोशनी एकोणीस वर्षांची. घरच्यांनी तिला मुलगा मानून वाढवले, नावही मुलाचे ठेवले. ते नाव मी येथे लिहिणार नाही. चिरगाँवहून बसने पॉलिटेक्निकला येई आणि मधल्या तासाला केंद्रात येऊन दुपट्टा घेई. एकदा तिने विचारले, "आपके यहाँ दादी को क्या बोलते हैं?"

"आजी."

"तो आप हमारी आजीजी."

मी हसले. "जी लावायची गरज नाही," असे मी हिंदीत समजावले. तिने ऐकले नाही.

केंद्र चालवणाऱ्या ममताने पहिल्याच दिवशी मला बजावले होते, "मैडम, किसी के घर नहीं जाना है. कभी नहीं." विभागाच्या छापील प्रपत्रात मात्र स्पष्ट होते: प्रत्येक प्रकरणात एक घरभेट, पालकाची स्वाक्षरी आवश्यक. हा रकाना कोणी घातला असेल? ज्याला स्वतःच्या घराची भीती कधी वाटली नाही, त्याने. पण तेव्हा मला हे दिसले नाही. ममता वयाने लहान, आणि कागदावर विद्यापीठाचा शिक्का. मी शिक्क्यावर विश्वास ठेवला. त्याहून अधिक, स्वतःवर. शाळेत मला पाहून पालक उठून उभे राहत. मी दारात गेले तर कोणता बाप अनुचित वागेल?

ममताला न सांगता मी चिरगाँवला गेले.

रोशनीच्या वडिलांची पिठाची गिरणी. अंगावरचे पीठ झटकून त्यांनी हात जोडले. "हमाए भाग, बहनजी, आप हमाए दुआरे आईं." मी त्यांच्या अपत्याच्या बुद्धीची प्रशंसा केली आणि प्रपत्र पुढे केले. त्यावर केंद्राचे पूर्ण नाव होते. ते त्यांनी सावकाश वाचले. पुन्हा वाचले. मग सही केली. "चाय पीके जइयो, बहनजी."

मी चहा प्यायले. परतीच्या बसमध्ये कृतार्थ होऊन बसले होते.

त्याच संध्याकाळी त्यांनी तिचे केस कापले. नऊ दिवस ती गिरणीमागच्या कोठारात कोंडलेली होती. दहाव्या दिवशी ती सुटली आणि अनवाणी केंद्रात आली. डोक्यावर कात्रीच्या जखमा होत्या. माझ्याकडे पाहून तिने एकच विचारले, "आपने बताया था?"

"हाँ."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

तिला तातडीने सुरक्षित जागी पोहोचवायचे होते, ममताला बाकीच्या मुलांना सोडून निघता येईना आणि त्या वेळी केंद्रात माझ्याखेरीज दुसरे मोठे माणूस नव्हते. ममताने मलाच रिक्षात सोबत बसवले. म्हणाली, "पढ़ना-पढ़ाना बहुत हो गया, मैडम. अब चुप रहना सीखिए."

आता त्यांच्या खोलीत विभागप्रमुखांनी माझ्यापुढे कोरा कागद केला. "पता लिखिए. बाप का हक़ है. नहीं तो क्षेत्रकार्य में फेल."

वडील म्हणाले, "बहनजी, आप तो समझदार हैं. घर की बात घर में रहन दो." आवाज अगदी तसाच मवाळ होता, चहा दिला तेव्हा होता तसा.

मला संताप आला. मी आयुष्यभर वाकले होते. वडिलांपुढे, मुख्याध्यापिकेपुढे, छापलेल्या प्रत्येक ओळीपुढे. त्यालाच श्रद्धा म्हणत आले. त्या श्रद्धेची किंमत एका मुलीच्या डोक्यावर वसूल झाली होती, आणि ज्याने कात्री चालवली तो खुर्चीवर होता. त्याला खुर्ची देणारा मला समाजकार्य शिकवीत होता.

"नहीं लिखूँगी," मी म्हणाले. "वो उन्नीस की है. जहाँ है, अपनी मर्ज़ी से है." मग त्या गृहस्थांना म्हणाले, "आपके घर आना मेरा अपराध था. दूसरी बार नहीं करूँगी."

"फेल लिख रहा हूँ."

"लिखिए."

रांगेत आता कोणी हसत नव्हते. सगळ्यांनी आपापल्या वह्या पुढे केल्या. त्यांना पदवी हवी आहे.

मी अनुत्तीर्ण झाले. तो रकाना काढून टाकावा म्हणून कुलगुरूंना तीन पत्रे लिहिली, उत्तर नाही. चौथे लिहीन. उत्तर येईपर्यंत लिहीन. माझ्या चुकीचा पूर्ण वृत्तान्त प्रत्येक पत्रात असतो, कारण हा गुन्हा प्रपत्र छापणाऱ्यांचाही आहे आणि तो वृत्तान्त त्यांनी वाचलाच पाहिजे. केंद्रात जाणे सुरू आहे. ममताने मला सहा आठवडे बाहेरच्या खोलीत बसवले, मुलांजवळ नाही. योग्यच केले.

रोशनीची क्षमा मी मागितलेली नाही. माझ्या मनःशांतीसाठी तिला पुन्हा माझ्यासमोर उभे करणे हा दुसरा अपराध होईल.

तिचे वडील नंतर दोनदा माझ्या दारी आले. दोन्ही वेळा पाणी दिले, पत्ता दिला नाही. पुढच्या खेपेस पोलीस घेऊन येतील. आमच्या मराठी समाजातले वडीलधारे घेऊन येतील, ज्यांच्यापुढे मी आजवर मान वर केली नाही. येऊ देत. रोज सकाळी देवापुढे मी तिच्यासाठी प्रार्थना करते. ती कुठे राहते, हे तिथेही ओठांवर आणत नाही.