तिची थीम

अमरावतीला इंजिनिअरिंगला असताना आम्ही दोघी राजापेठेत एका खोलीत राहायचो. मी अकोल्याजवळच्या खेड्यातली, ती शेंदूरजनाघाटची. प्रोग्रॅमिंगमध्ये वर्गात पहिली मीच. तिने फक्त कोड लिहायच्या एडिटरला नवी थीम बसवली.

पांढऱ्या स्क्रीनने तिचं डोकं दुखायचं. म्हणून तिने नेटवरून एक काळी थीम उतरवली आणि फाइलमधले रंगांचे आकडे एकेक करून बदलले. स्क्रीन गर्द निळी, अक्षरं मऊ पिवळी, चुकलेली ओळ तेवढी नारिंगी. लॅबमधल्या मुली तिच्या खुर्चीमागे उभ्या राहू लागल्या. सरांनी ती थीम सगळ्या कॉम्प्युटरांवर टाकायला लावली. माझ्या बिनचूक प्रोग्रॅममागे कधी कोणी उभं राहिलं नव्हतं.

मग मीही थीम करायला बसले. हिरवी स्क्रीन, गुलाबी अक्षरं. ती वाकून बघत म्हणाली, "तुह्या कॉमेंट दिसूनच नाही राहिल्या." कॉमेंटला, म्हणजे कोडमध्ये समजण्यासाठी लिहिलेल्या टिपांनाही, मी जवळजवळ स्क्रीनचाच हिरवा दिला होता. ती हसली असती तर भांडता तरी आलं असतं. ती हसली नाही.

त्या उन्हाळ्यात बोअर आटले आणि तिच्या वडिलांची संत्र्याची बाग वाळली. मेसवाल्या काकूंपासून सरांपर्यंत सगळे तिची विचारपूस करायचे. आमची कपाशीही पुन्हा बुडाली होती. पण कपाशी सगळ्यांचीच बुडालेली, तिचं कोण विचारणार? मला तिच्या वाळलेल्या झाडांचासुद्धा हेवा वाटला.

शेवटच्या वर्षी पुण्याची एक कंपनी आली. मुलाखत लॅबमध्येच होती. स्वतःहून केलेलं काही दाखवा म्हणाले. मी गुणपत्रिका पुढे केली, तिने थीम उघडली. नोकरी तिला लागली.

जाताना तिने माझ्या हातात पेनड्राइव्ह ठेवला. "तुह्यासाठी एक थीम केली. तुले हिरवा आवडते ना."

"मले नाई पायजे."

"राहू दे जवळ. नाई आवडली त काढून टाकजो."

ती गेल्यावर मी लावून पाहिली. हिरवा खोल आणि शांत होता, कॉमेंटही नीट वाचता येत होत्या. ती थोडी तरी वाईट असायला हवी होती.

पुढे मला अकोल्यात नोकरी मिळाली. तिथे मी रोज त्याच थीमवर काम करते. कोणी विचारलं तर मैत्रिणीने केली म्हणून सांगते, आणि ते सांगणं अजूनही जड जातं.