हाडावरून गेलेली शीर

माझा मित्र वसंता गेल्याचं त्याच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, सकाळी फोनवर सांगितलं आणि लगेच म्हणाल्या, "भावजी, त्या कागदावर तुमची सही आहे. लवकर या." मी चपला घालून तसाच निघालो.

वसंता मुंबईच्या एका मेडिकल कॉलेजात रोज साडेनऊच्या तासाला शरीररचना शिकवायचा आणि अंबरनाथ पूर्वेला आमच्याच गल्लीत राहायचा. मानेच्या कातडीखालून उतरणारी शीर गळ्याखालच्या आडव्या हाडामागे शिरते, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. याच्या डाव्या बाजूची मात्र सरळ हाडावरून पलीकडे गेलेली! त्याला तिचा कोण अभिमान. वर्गात, लग्नात, कुठेही तोंड मिटून गाल फुगवायचा आणि शीर टरारली की मान वाकडी करून दाखवायचा. ऐंशी सालाच्या सुमारास उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये एका शिंप्याच्या दुकानात शर्टाचं माप देताना त्याने हाच प्रयोग केला. सिंधी शेठ घाबरून ओरडला, "अरे पानी लाओ, डॉक्टरसाब को कुछ हो गया!" मी हसून हसून बेजार. वसंता मात्र रस्त्यात गंभीर झाला. म्हणाला, "इथे शीर नसतेच असं धरून कुणी चिरलं तर काय होईल, कळतंय का तुला? पोरांनी हे डोळ्यांनी बघायला हवं." पुढे त्याने देहदानाचा कागद भरला तो यासाठीच. साक्षीदार मी. निवृत्तीनंतरची दोन वर्षं त्याने जेमतेम काढली... शिकवायला कुणी उरलं नव्हतं.

त्या सकाळी बदलापूरहून त्याचे थोरले भाऊ, दादा, आले. कागदाचं कळल्यावर रडतच म्हणाले, "भावाला अग्नी द्यायचा नाही? परक्यांच्या टेबलावर ठेवायचं?" मी बोलायला हवं होतं. पण लाज वाटते सांगायला, मी खाली बघत उभा राहिलो. शेवटी वहिनीच बोलल्या. "दादा, नीट निरोप द्यावासा मलाही वाटतो हो. पण यांनी माझ्याकडे दुसरं काही मागितलंच नाही." कॉलेजची गाडी आली, तेव्हा पुढून दादांनीच उचललं.

परवा वहिनींकडे गेलो होतो. अस्थी नाहीत, दहावं नाही... त्या पस्तावल्या असतील, अशी मला धास्ती होती. चहाचा कप पुढे करताना त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"साडेनऊ. आज किती दिवसांनी त्यांचा तास असेल," त्या म्हणाल्या. मग हळूच, "भावजी, पोरं नीट लक्ष देतील ना हो?"