बाणाचा नमस्कार

गोंडपिपरीच्या खुशालचा धंदा आता एका पलंगावर मावतो. आधी तो मोटरसायकलवरही मावत नसे. पाठीवर बॅग, टाकीवर कुणाचा तरी उघडा सीपीयू, आणि आष्टी-आलापल्ली करत पार सिरोंच्यापर्यंत, जिथं कम्प्युटर रुसला तिथं हा हजर. मग आष्टीपुढे गाडी घसरली आणि मणका दुखावला. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी गाडी बंद केली, खड्ड्यांतून जाणारी बसही बंद केली.

"आता मशिनीच इथी बोलवा जी," बायको रिना म्हणाली.

तिनं टोमणा मारला होता, पण यानं तेच केलं. गिऱ्हाइकांच्या कम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर टाकून घेतलं. उशीला टेकून हा लॅपटॉप उघडायचा आणि तिथली मशीन इथून चालवायचा. तिथं बसलेल्याला पडद्यावर बाण आपोआप फिरताना दिसायचा.

सिरोंच्यात पहिला हो म्हणाला तो फोटो स्टुडिओवाला पोचू. "पोचूनं घरात घेतलं तं आपन काऊन नाई," असं म्हणत बाकीचे मागून आले. पोचूची अट एकच होती. "घरात आला का पयले दिसला पायजे, खुशालभाऊ. चोरावानी नाई." त्यातून रीत पडली. जोडणी झाली की खुशाल बाणाची एक गोल फेरी मारायचा आणि तिकडे पोचू हात जोडायचा. खुशालला ते दिसत नसे. पण फोन खांद्यात दाबल्यानं पोचूचा आवाज घुसमटायचा, त्यावरून कळायचं.

मग सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. खुशाल त्यातल्या सोयी पोरानं खेळणं चाचपावं तशा चाचपत बसला. नेटवर्क पातळ झालं तर चित्र जाडंभरडं होई, पण बाण चालता राही. दोन्हीकडचे बाण वेगळ्या रंगात, नावासकट दिसत. आणि एक सोय अशी, की काम संपेपर्यंत तिकडचा पडदा काळा, माऊसही मुका. हीच त्याला फार आवडली.

"आता मधात कोनी बोट घालनार नाई," तो म्हणाला.

"पोचूभाऊले सांगतलं का?" रिनानं विचारलं.

"त्यात काय सांगाचं?"

दुसऱ्याच दिवशी पोचूचा फोन आला. डिस्क गच्च भरली होती, आणि एका लग्नाचा अल्बम छापायला पाठवायचा होता. खुशालनं जोडणी केली, सवयीनं बाणाची फेरी मारली आणि फोटो दुसऱ्या डिस्कवर हलवायला लावले. फोटो सरकू लागले. आणि एकदम जोडणी तुटली.

फोन वाजला. "अंता चीकटी! सगळा अंधार, भाऊ! बाण नाई, काईच नाई!"

"मशीन चालू हाय ना?"

"काहाची चालू! मेन स्विच पाडला. इन्व्हर्टरची पिनबी काढली."

खुशालनं कपाळाला हात लावला. त्या भागात व्होल्टेज कधी नाचेल सांगता येत नाही. पडदा काळा झाला की आधी स्विच पाडायचा, मग विचारायचं. एकदा टीव्ही जळालेला माणूस हेच शिकतो. पोचूनं शहाणपणच केलं होतं.

"पोचूभाऊ, तो पडदा मीच काळा केलता. नवीन सोय हाय."

मग पोचूचा आवाज कोरडा झाला. "माह्या घरात येऊन माह्याच डोयावर पट्टी? आता तू सोता ये. तू आल्याबिगर स्विच नाई उचलत."

खुशाल भिंतीकडे पाहत राहिला. खुंटीला मोटरसायकलची किल्ली लटकलेली होती. गेलो तर कंबर जाईल. नाही गेलो तर पोचू जाईल, आणि पोचूमागून सगळं सिरोंचा. रिनानं त्याची नजर पाहिली, किल्ली काढली आणि कमरेला खोचली.

"पोचूभाऊ," खुशाल म्हणाला, "चुकलं माहं. तुले विचाराले पायजे होतं. ते काढून टाकतो. अन् वहिनीले, सुकरीबाईले, मेन स्विचपाशी उभं कर. पडदा जरा काळा दिसला का पाडा म्हना. मंग तं झालं?"

पोचूनं बायकोला हाक मारली. तेलुगूत बराच वेळ काहीतरी चाललं. शेवटी सुकरीबाईचा आवाज आला, "ठेवला हात!"

मशीन उठली. खुशालनं काळ्या पडद्याच्या सोयीपुढची बरोबरची खूण पुसली आणि जोडणी केली. चित्र जाडंभरडं आलं, पण बाण चालत होता. त्यानं सावकाश एक मोठी फेरी मारली.

"आला," पोचू म्हणाला.

खुशालनं दुसरी डिस्क उघडली. नवरा-नवरीनं एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गूळ ठेवण्याचा फोटो अर्धाच होता, खाली सगळं राखाडी.

"अय्यो! अल्बमचं पयलंच पान ते!"

"दम धर." खुशालनं आधीची, भरलेली डिस्क उघडली. तो फोटो तिथं अख्खा होता. फोटो पूर्ण पोचल्याशिवाय कम्प्युटर मागचा पुसत नाही, हे त्याला ठाऊक होतं, तरी डोळ्यांनी पाहिल्यावरच त्याचा श्वास सुटला. पुढचा फोटो, त्याच्या पुढचा, सगळे होते. राहिलेले त्यानं एकेक करून, पोचूला दाखवत हलवले. पोचू प्रत्येकाला "हं" म्हणत होता.

काम झालं. बाहेर पडण्याआधी खुशालनं पुन्हा फेरी मारली. पोचूचा आवाज घुसमटला नाही. त्याऐवजी पडद्यावर एक हिरवा बाण उगवला. त्याच्या शेपटीला नाव होतं, पोचू. तो अडखळत, वाकडातिकडा एक गोल फिरला.

तेवढ्यात मागून सुकरीबाई ओरडली, "हात दुखून राह्यला! सोडू का आता स्विच?"

"थांब ना," पोचू म्हणाला. "भाऊ अजून घरातच हाय."