कुंदाचा फरार उंदीर

कुंदाच्या मुलाचा फोन आला तेव्हा तिची कादंबरी माझ्या उशाशी होती. आई पहाटे झोपेतच गेली, एवढंच तो म्हणाला. मी "हो का" म्हटलं... हो का! फोन ठेवल्यावर पहिली नजर गेली ती पुस्तकातल्या खुणेकडे. खूण तिसऱ्या प्रकरणात होती. महिना होत आला, पण तेव्हापासून मी एका जागी धड बसलेले नाही.

पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आम्ही दोघी टाइम ऑफिसला होतो. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, हे लिहायचं काम. जाताना वेळ लिहायला विसरणाऱ्यांवर कुंदाचा भारी राग. माणूस आत आलाय आणि बाहेर गेलेला नाही, मग तो आहे कुठे, असं ती भल्याभल्यांना ऐकवायची. रिटायर झाल्यावरही सवय सुटली नाही. रोज संध्याकाळी नेरुळला माझ्याकडे चहाला यायची, तेव्हा गेटवरच्या रजिस्टरमध्ये येण्याची वेळ लिहायची आणि जाण्याचीही. पाहुण्यांमध्ये तो दुसरा रकाना भरणारी ती एकटीच.

बासष्टाव्या वर्षी तिने 'उंदीर फरार' लिहिली. सोसायटीच्या गणपतीचा चांदीचा उंदीर चोरीला जातो आणि एक रिटायर्ड बाई तपास करते, अशी गमतीची गोष्ट. पहिली प्रत तिने मला दिली. मग रोज विचारायची, वाचलीस का? मी रोज सांगायचे, हो गं, मस्त आहे. खोटं का बोलले? खरं सांगते, जळत होते. एकाच टेबलावर बसलेल्या दोघींपैकी एकीचं नाव पुस्तकावर...

शेवटच्या संध्याकाळी चहा पिता पिता तिने विचारलं, "शेवटी लिफ्टमन पकडला जातो, ते पटलं तुला?"

"एकदम पटलं," मी म्हटलं.

"अगं, कादंबरीत लिफ्टमनच नाहीये."

ती हसली. चिडली असती तर बरं झालं असतं. अर्धा कप तसाच ठेवून उठली. मी दारापर्यंत गेले. वाचून काढू आणि मगच सॉरी म्हणायला फोन करू, असं ठरवलं. चार दिवस ती आली नाही, मी फोन केला नाही, आणि पाचव्या दिवशी मुलाचा फोन.

तिचे दिवस झाल्यावर कादंबरी एका दिवसात वाचून काढली. एकटीच खो खो हसले, मग रडले, परत हसले. चोर निघतात खजिनदाराचे व्याही. त्या दिवशी गेटवर सगळ्या पाहुण्यांचे जाण्याचे रकाने कोरे, यांचा एकट्यांचा मिनिटासकट भरलेला. कुंदाची ती रिटायर्ड बाई त्यांना म्हणते, "ज्याच्या मनात काही नसतं, तो जाण्याची वेळ लिहीत नाही." जन्मभर आम्हाला उलटं ऐकवलं की हिने!

पुस्तक हातात तसंच घेऊन खाली गेले. वॉचमनकडून रजिस्टर मागून घेतलं, मागची पानं उलटली. त्या शेवटच्या संध्याकाळची तिची ओळ सापडली. येण्याची वेळ पाच दहा. पुढचा रकाना कोरा.

रागाच्या भरात विसरली, की मनात काही न ठेवता गेली... तेव्हापासून रोज काहीतरी निमित्त काढून खाली जाते आणि ते पान बघते. परवा वॉचमनने न राहवून पेन काढलं.

"मॅडमनी टायम टाकला नाय. मी टाकू का?"

नको म्हटलं. नोंदीप्रमाणे ती अजून माझ्याकडेच आहे, आणि व्याही पकडले जातात ते मला पटलं, हे तिला सांगायचं राहिलंय.